शिकायला अमेरिकेला: आय-२० हाती पडल्यापासून पहिल्या सुट्टीतून परतेपर्यंत

जुलै आला की आमच्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी बॅगा तोलायला सुरुवात होते. हॉलच्या मधोमध दोन अगडबंब बॅगा, हातात वजनकाटा धरून घामाघूम झालेले बाबा, आणि काटा तेवीसच्या पुढे सरकला की मेतकुटाचा डबा बाहेर. असं तीन-तीनदा चालतं. त्याच मुलाला "तुझ्या आय-२० च्या दुसऱ्या पानावर काय आहे?" असं विचारलं, तर तो म्हणतो, "आहे ना, पीडीएफ आहे मोबाइलमध्ये." आय-२० म्हणजे प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ पाठवतं तो सरकारी फॉर्म. व्हिसापासून पुढचं सगळं त्यावर चालतं.

मी २०१४ साली एमएस करायला गेले. आता पुण्यात असते आणि दर उन्हाळ्यात ओळखीतली दोन-तीन मुलं कागद घेऊन येतात. त्यांना सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. हे सगळं एफ-१, म्हणजे पूर्णवेळ शिक्षणाच्या व्हिसाबद्दल आहे. फी आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर आकडा एकदा ताडून बघा.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. व्हिसा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला तो रंगीत कागद. त्याच्या जोरावर तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्यासमोर उभे राहू शकता, बस. आत गेल्यावर तुमचं राहणं कायदेशीर आहे की नाही, ते आय-२०, सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीतली तुमची नोंद आणि आय-९४, म्हणजे तुम्ही देशात शिरल्याची नोंद, यांवर ठरतं. व्हिसा संपला तरी शिक्षण नीट चालू असेल तर तिथे राहता येतं. उलट व्हिसाला चार वर्षं बाकी आहेत, पण परवानगी न घेता विषय सोडले, तर स्टेटस गेलं. मुलं अडकतात ती बहुतेक वेळा इथेच.

पासपोर्ट आणि नावाची भानगड

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदरी पद्धत. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. अमेरिकेच्या कामात पासपोर्ट म्हणेल ते प्रमाण. विद्यापीठाच्या अर्जापासून विमानाच्या तिकिटापर्यंत नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखं लिहा. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापून येतं आणि तुमचं खरं नाव आडनावाच्या खान्यात जाऊन बसतं. पुढे बँकेत, लायसन्सवर, पगारपत्रकावर तुम्ही 'एफएनयू' म्हणूनच वावरता. वेळ असेल तर अर्जांना हात लावण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

मुदत कोर्स संपेपर्यंतची असली तर बरं. नसली तरी आभाळ कोसळत नाही, तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नवा काढता येतो. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर बाळगायचे. व्हिसाचा कागद सोलून नव्यात चिकटवायचा विचार स्वप्नातही नको.

आय-२०: एकदा शांतपणे वाचा

प्रवेश पक्का झाला आणि पहिल्या वर्षाचा खर्च कुठून करणार याचे पुरावे दिले की विद्यापीठ आय-२० पाठवतं. हल्ली तो ईमेलने येतो. छापून घ्या, पहिल्या पानावर तुमची सही करा. विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही आधीच असते. या अधिकाऱ्याला डीएसओ म्हणतात आणि पुढची दोन वर्षं तुमच्या आयुष्यात पालकांच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस तोच.

चार गोष्टी तपासा. नावाचं स्पेलिंग. जन्मतारीख, कारण तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात आणि ५ ऑगस्टचा ८ मे होतो. कोर्सचं नाव आणि पातळी. आणि कोर्स सुरू होण्याची तारीख. ही तारीख फार कामाची आहे: तिच्या ३० दिवस आधीपासूनच तुम्हाला एफ-१ वर अमेरिकेत शिरता येतं, त्याआधी नाही. कॉन्सुलेट व्हिसा तारखेच्या ३६५ दिवस आधीही देऊ शकतं, पण व्हिसा हातात आला म्हणून दोन महिने आधी मावशीकडे न्यू जर्सीला जाऊन राहता येत नाही. चूक सापडली तर लगेच डीएसओला कळवा. नवा आय-२० काढणं त्यांना अवघड नसतं, अवघड होतं ते मुलाखतीच्या आदल्या रात्री.

पहिल्या पानावर डाव्या बाजूला 'एन' ने सुरू होणारा सेव्हिस क्रमांक असतो. तो पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लागतो.

पैसे आणि फॉर्म

आधी सेव्हिस फी, जिला आय-९०१ म्हणतात. एफ-१ साठी ती ३५० डॉलर आहे. ऑनलाइन भरा, पावती छापा. मुलाखतीच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी ती भरलेली हवी. व्हिसा नाकारला गेला तर वर्षभरात त्याच प्रकारच्या व्हिसाला पुन्हा अर्ज करताना ही फी परत भरावी लागत नाही.

मग डीएस-१६०. हा लांबलचक ऑनलाइन फॉर्म आहे आणि वीस मिनिटं हात लावला नाही तर बंद पडतो. सुरुवातीलाच अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि दर पानाला सेव्ह करा. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय, सहा महिन्यांच्या आतला. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, ती खरी लिहा. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ही खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितलं जातं. विसरलेलं एखादं जुनं खातं लपवण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं. फॉर्म एजंटकडून भरून घेतला असेल तर पाठवण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचा. खाली सही तुमची असते, चुकीची जबाबदारीही तुमचीच.

व्हिसाची फी १८५ डॉलर, ती रुपयांत भरायची आणि परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने यावर आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद केली आहे. तुमच्या वेळी ते घेतलं जातंय का ते बघून बजेट करा.

भारतात दोन अपॉइंटमेंट घ्याव्या लागतात. एक व्हिसा अर्ज केंद्रात, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला. दुसरी कॉन्सुलेटमध्ये, मुलाखतीला. महाराष्ट्रातली बहुतेक मुलं मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटला जातात, पण दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता हेही पर्याय आहेत. मुंबईला तारीख मिळत नसेल तर हैदराबादची घ्यायला संकोचू नका. मात्र अपॉइंटमेंटला जोडलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि हातातल्या कागदावरचा क्रमांक एकच हवा. मधे फॉर्म नव्याने भरला आणि अपॉइंटमेंटमध्ये क्रमांक बदलायचा राहिला, की दारातून परत.

मुलाखत

कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून गेलात तर फोन आणि बॅग सांभाळायला एक माणूस बरोबर ठेवा, म्हणजे बाहेर ऐनवेळी सामान ठेवायला जागा शोधावी लागत नाही.

खिडकीशी दोन-तीन मिनिटं मिळतात. फाइल एवढी जाड असते आणि अनेकदा अधिकारी पासपोर्ट आणि आय-२० सोडून काही मागतही नाही. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, पुढे काय करणार, एवढ्याभोवती प्रश्न फिरतात. कायदा असा आहे की प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच चालला आहे असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. ते न पटल्यास त्या कायद्याच्या २१४-बी कलमाखाली नकार येतो. त्यावर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करता येतो. मात्र परिस्थितीत काहीच फरक पडलेला नसताना पुढच्याच आठवड्यात पुन्हा गेलात तर उत्तरही तेच मिळण्याची शक्यता जास्त. २२१-जी ची चिठ्ठी मिळाली तर तो अंतिम नकार नव्हे: काही कागद हवे आहेत किंवा आणखी तपास चालू आहे, एवढाच अर्थ.

पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला "हेच विद्यापीठ का?" असं विचारलं, तर तिने माहितीपत्रकच म्हणून दाखवलं, 'जागतिक दर्जाच्या सुविधा' वगैरे. मी म्हटलं, तुला खरंच का जायचंय? मग म्हणाली, तिथे पाण्याच्या शुद्धीकरणावर काम करणारी प्रयोगशाळा आहे आणि आमच्या गावच्या विहिरींत क्षार फार आहेत. म्हटलं, हेच बोल. तिने तेच सांगितलं.

पैशांबाबत एकच सांगते. महिनाभरासाठी खात्यात रक्कम 'दाखवायला' टाकून देतो म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटी कागदपत्रं दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. कर्जाचं मंजुरीपत्र, आईवडिलांची खरीखुरी बचत, शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र, इतकं पुरतं.

तिकीट काढताना

स्वस्त तिकिटाच्या नादात मधल्या थांब्याकडे दुर्लक्ष होतं. लंडन किंवा युरोपमार्गे जाताना आपल्या पासपोर्टला काही ठिकाणी नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, पण हातात चालू अमेरिकी व्हिसा असला की बहुतेक ठिकाणी सूट मिळते. जाताना त्यामुळे अडत नाही. अडतं ते येताना: दोन-तीन वर्षांनी अमेरिकी व्हिसा संपलेला असतो, युरोपमार्गे तिकीट काढलेलं असतं, आणि चेक-इनच्या काउंटरवर विमानात बसू देत नाहीत. व्हिसा संपला असेल तर घरी येताना थेट विमान किंवा आखाती देशांमार्गे या. आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करू नका. मधे सामान ताब्यात घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडावं लागलं तर त्या देशाचा व्हिसा हवा.

अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच होते. तिथे थांबा मोठा ठेवा.

बॅगेत काय, हातात काय

पासपोर्ट, सही केलेला आय-२०, सेव्हिस पावती, प्रवेशपत्र, पैशांचे पुरावे आणि डीएसओचा फोन नंबर, हे सगळं हातातल्या बॅगेत. तेही कागदावर छापलेलं, कारण मोबाइलची बॅटरी सोळा तासांत संपते आणि इमिग्रेशनच्या हॉलमध्ये फोन वापरू देत नाहीत.

खाण्याचं म्हणाल तर चकल्या, लाडू, कोरडे मसाले, लोणची हे साधारण चालतं, पण 'खाद्यपदार्थ आहेत' असं सांगायचं. मांस, ताजी फळं, भाज्या, पेरता येईल असं बी, यातलं काही नाही. आजीने आठवणीने बांधून दिलेला कढीपत्तासुद्धा नाही, तो तिथे काढून घेतात. सांगून टाकलं तर वस्तू जाते, लपवलं तर दंड.

आणि खसखस! संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. म्हणजे दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणार असाल तर अनारसे घरीच खाऊन जा. खसखस घातलेला मसालाही नको. आईला हे पटवणं व्हिसाच्या मुलाखतीपेक्षा अवघड जातं. औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी तिथे फार गंभीरपणे घेतात. जी औषधं न्यायचीच आहेत ती मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, चिठ्ठीत औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेलं.

भारतातून रोख परकीय नोटा साधारण ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर. अमेरिकेत उतरताना जवळ १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर जाहीर करावं लागतं. विद्यार्थ्यावर ती वेळ सहसा येत नाही.

गोवराची वगैरे लस व्हिसासाठी लागत नाही, पण विद्यापीठ मागतं. इथे शंभरात होणारं काम तिथे डॉलरमध्ये पडतं, तेव्हा यादी मागवून जायच्या आधी उरकून घ्या.

उतरल्यावर

रांगेत उभं राहा, विचारलं तेवढंच सांगा. "कुठे चाललात?" याचं उत्तर विद्यापीठाचं नाव. काकांच्या घरचा पत्ता नंतर. आतल्या खोलीत बसवलं तर घाबरून जाऊ नका. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे होत असतं, अनेकदा फक्त सेव्हिसमधली नोंद बघायची असते.

खोलीवर पोचलात, आईला फोन केलात, की पुढचं काम आय-९४. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून तो फुकट मिळतो, पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते दुसऱ्याच कुणाचं. त्यावर वर्ग एफ-१ आणि मुदतीच्या जागी डी/एस असं हवं. डी/एस म्हणजे शिक्षण नियमात चालू आहे तोवर. हे काढून ठराविक तारीख द्यावी असा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला, म्हणून तुमच्या आय-९४ वर काय छापलंय ते स्वतः वाचा. त्यावर तारीख असेल तर तीच तुमची मुदत, व्हिसावरची नव्हे. चुकून पर्यटक म्हणून नोंद झाली असेल तर त्याच आठवड्यात डीएसओला गाठा.

मग विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन हजेरी लावायची. कोर्स सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांत त्यांना सेव्हिसमध्ये तुमची नोंद करावी लागते. राहण्याचा पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचं. पहिल्या सहा महिन्यांत मुलं तीन घरं बदलतात आणि एकदाही कळवत नाहीत.

सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. बाहेरचं काम परवानगीशिवाय नाही. पेट्रोल पंपावर रोख पैसे, ओळखीच्या माणसाचं मोटेल, मित्राच्या नावावरच्या अ‍ॅपवरून जेवण पोचवणं, हे 'सगळेच करतात' म्हणून सांगितलं जातं. पकडले गेल्यावर सगळे बरोबर येत नाहीत.

सुट्टीत घरी यायचं तर

आता माझीच गोष्ट. डिसेंबर २०१५ मध्ये ताईच्या लग्नाला घरी आले. हळद, लग्न, पूजा, सगळं मनसोक्त. जानेवारीत परतले. अधिकाऱ्याने आय-२० उलटून दुसरं पान बघितलं आणि म्हणाला, "सही कुठे आहे?"

दुसऱ्या पानावर प्रवासाच्या मंजुरीसाठी डीएसओच्या सहीची जागा असते. ही सही शिकत असताना १२ महिने चालते. माझी सही पंधरा महिन्यांपूर्वीची होती. पासपोर्टातल्या पाच वर्षांच्या व्हिसाचा काही उपयोग नव्हता. दोन तास बसवून त्याने आय-५१५ए नावाचा फॉर्म हातात दिला, म्हणजे फक्त ३० दिवसांचा प्रवेश, तेवढ्यात डीएसओची सही घेऊन कागद पाठवायचे. काम झालं, पण तो महिना मी जेमतेम झोपले. शिवाय तो फॉर्म द्यायचा की परत पाठवायचं, हे त्या अधिकाऱ्याच्या हातात होतं.

म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी सही मागा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डीएसओच्या दारात रांग असते आणि नाताळात ऑफिस बंद.

व्हिसा संपला असेल तर इथे येऊन नवा घ्यावा लागेल, त्याच्या तारखा बघूनच सुट्टी ठरवा. पूर्वी मुलं मेक्सिकोला जाऊन शिक्का घेऊन यायची. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज आपल्या देशात किंवा जिथे कायदेशीर राहता त्या देशात करायला सांगितलं आहे. आणि घरी येऊन पाच महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर जुन्या आय-२० वर परत जाता येत नाही, सगळं नव्याने करावं लागू शकतं. आजारपणामुळे थांबायची वेळ आली तर आधी डीएसओशी बोला, मग तिकीट पुढे ढकला.

कॅनडाबद्दल शेवटचं. संपलेल्या अमेरिकी व्हिसावरही कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं, आय-२० आणि आय-९४ बरोबर असले आणि तिथे नव्या व्हिसाला अर्ज केला नसला तर. पण कॅनडाचा स्वतःचा व्हिसा लागतोच. नायगाराला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. धबधब्याजवळचा रस्ता थेट पुलावर जातो आणि पूल कॅनडात. गाडी चालवणाऱ्याने एक फाटा चुकवला की मागे वळायला जागा नाही. तेव्हा नायगाराच्या सहलीलाही छत्रीबरोबर पासपोर्ट आणि आय-२० गाडीत असू द्या.